कॅमेरा बंद म्हणजे गैरहजर नव्हे!

वाणगाव परिसरातील पालकहो, प्राध्यापकहो आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

करोनामुळे मार्चपासून कॉलेजं बंद आहेत. ती आजच उघडा असं आम्ही म्हणत नाही. रोग गेलेला नाही आणि प्रत्येक घरात म्हातारं माणूस आहे. आमचं भांडण ऑनलाइन तासांच्या हजेरीशी आहे. नाव पुकारलं आणि आवाज पोचला नाही, गैरहजर. कॅमेरा लावला नाही, गैरहजर. एवढ्यावरून पोरांना परीक्षेला बसू देणार नाही म्हणून धमकावलं जातंय, आणि हा सरळ अन्याय आहे.

घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो वडिलांच्या खिशात. वडील तारापूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातात. केमिकल कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही, तो गेटवर जमा होतो. इकडे सकाळच्या लेक्चरची लिंक येते ती त्याच बंद फोनवर! संध्याकाळी फोन घरी येतो, तेव्हा धाकट्याची शाळा, थोरलीचं कॉलेज आणि दिवसाचा दीड जीबी, सगळं एकदमच उभं राहतं. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला अर्धा जीबी सहज लागतो, चित्र स्पष्ट हवं तर त्याहून जास्त. तोच तास नुसत्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवला तर पंधरा-वीस एमबीत भागतं. हा हिशेब मिरचीच्या वाडीत मजुरी करणाऱ्या आईला कळतो, कारण रिचार्ज तिच्या रोजातून होतं. कॉलेजांना तो का कळू नये?

आणि कॅमेरा! एका खोलीचं घर, मागे चूल, बाजूला मोरी, कोपऱ्यात आजारी आजी. पन्नास अनोळखी मुलांसमोर ते उघडं करायला मुलीने नकार दिला, तर ती अभ्यास टाळते असं म्हणायचं? घराची अब्रू हजेरीपटावर मांडायला लावण्याचा हक्क कोणालाही नाही.

रेंजचं तर बोलायलाच नको. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे. डहाणूचा 500 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प मुंबईच्या उपनगरांना वीज देतो. या दोघांच्या मधल्या पाड्यांवर लाइट गेली की टॉवरही थोड्या वेळाने मान टाकतो. मग पोरं फोन घेऊन रेल्वेच्या पुलावर नाहीतर चिकूच्या वाडीतल्या उंचवट्यावर जाऊन उभी राहतात. 2017-18च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या जेमतेम 15 टक्के घरांत इंटरनेट होतं. तेव्हा हे दुखणं एकट्या वाणगावचं नाही. इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे असं केरळ उच्च न्यायालयाने 2019मध्येच सांगितलंय.

गेल्याच महिन्यात मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण संस्थेची, आयडॉलची, ऑनलाइन परीक्षा कोलमडली. सायबर हल्ला झाल्याचं विद्यापीठाने सांगितलं आणि पेपर पुढे ढकलले. ते योग्यच झालं. विद्यापीठाची यंत्रणा बंद पडली तर नवी तारीख मिळते. मग आमच्या पाड्यावरची रेंज गेली तर आमच्या नावापुढे फुली का?

प्राध्यापकांशी आमचं वैर नाही. त्यांच्यातले कित्येक स्वतःच्या पैशाने नेटपॅक मारून शिकवतात, रात्री फोन केला तरी शंका सोडवतात. नियम वरून येतात, म्हणून मागणीही वरच्यांकडे आहे. हजेरी लेक्चरच्या क्षणावर मोजू नका, आठवड्याला लिहून दिलेल्या उत्तरांवर मोजा. प्रत्येक तासाचा आवाज आणि नोट्स त्याच दिवशी पाठवा. कॅमेऱ्याची सक्ती आजच बंद करा. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी झेरॉक्स काढून ग्रामपंचायतीत ठेवा. पंचायतीने बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या, वीज आणि वायफाय देऊन, अंतर राखून बसायला उघडून द्याव्यात.

पालकहो, या मागण्यांचा अर्ज घेऊन आम्ही घरोघर येणार आहोत. वाचून घ्या, पटलं तर सही करा. सही येत नसेल तर अंगठा चालेल. पोराचं किंवा पोरीचं नाव, वर्ग आणि घरात फोन किती आहेत तेवढं मात्र खरं लिहा, कारण आम्ही तेच आकडे प्राचार्यांपुढे आणि तहसीलदारांपुढे ठेवणार आहोत.

— वाणगाव परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थी
नोव्हेंबर 2020