शाळा फुकट, पण पत्ता महाग



विलायतेतली शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट घातलेली ईटनची मुले उभी राहतात. गंमत पाहा, अशा शाळांना तिकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात आणि पब्लिकच्या पोरांना तिथे जागा नसते. भरमसाट फी भरू शकणाऱ्यांचीच मुले तिथे प्रामुख्याने शिकतात. पण इंग्लंडमध्ये खासगी शाळेत जाणारी मुले शंभरात जेमतेम सहा-सात. बाकीची सगळी, मग ती डॉक्टरची असोत, बस चालविणाऱ्याची असोत की सफाई कामगाराची, सरकारी खर्चाच्या शाळेत जातात. आज त्या शाळांविषयी लिहायचे आहे. आपल्यातीलही कोणी नर्स म्हणून, कोणी संगणकाच्या कामासाठी तिकडे गेले आहेत. त्यांच्या घरात पहिला प्रश्न हाच निघतो, “पोरांच्या शाळेचे काय?”

एक खुलासा आधीच करतो. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांची शिक्षणव्यवस्था वेगवेगळी आहे. येथे दिलेले नियम व तारखा इंग्लंडच्या आहेत.

कष्टकऱ्यांच्या मुलांना तिकडेही शाळा सहजासहजी मिळालेली नाही. गावोगाव सार्वजनिक खर्चाच्या प्राथमिक शाळा उभारायचा कायदा १८७० साली झाला. शाळेत जाणे सक्तीचे झाले १८८० साली आणि फी जवळजवळ संपली ती १८९१ नंतर. माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत मिळायला १९४४ चा कायदा यावा लागला. त्यानंतरही अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी होई. हुशार ठरलेली थोडी ‘ग्रामर’ शाळेत, उरलेली दुसरीकडे. १९६५ नंतर बहुतेक भागांतून ही वाटणी गेली आणि सर्वांसाठी एकच शाळा आली. तरीही इंग्लंडमध्ये आज १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत, आणि त्यांच्या परीक्षेसाठी पैसेवाले पालक मुलांना खासगी शिकवण्या लावतात.

आता शाळेची रचना पाहू. मूल चार वर्षांचे झाले की पुढच्या सप्टेंबरात ‘रिसेप्शन’ वर्गात बसते. मग पहिली ते सहावी प्राथमिक, सातवी ते अकरावी माध्यमिक. सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा होते. तिथे ९ ते १ असे गुण देतात, त्यात ९ सर्वांत वरचा. इंग्रजी व गणितात किमान ४ मिळाला नाही, तर पुढे शिकताना ते विषय चालू ठेवावे लागतात. सोळाव्या वर्षी शाळा सोडता येते, पण अठरापर्यंत शिक्षण किंवा कामाचे प्रशिक्षण चालू ठेवावे लागते.

आपल्या पालकांना नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे तिथे सहसा कोणी नापास होऊन मागे राहत नाही. १ सप्टेंबर ते पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत जन्मलेली मुले एका वर्गात. गावाहून गेलेल्या मुलालाही इंग्रजी येवो न येवो, वयाप्रमाणेच वर्ग मिळतो. छडीही नाही. सरकारी शाळांतली छडी १९८६ च्या कायद्याने गेली.

आता मुख्य मुद्दा, प्रवेशाचा. सरकारी शाळेत फी नाही, देणगी नाही, बिल्डिंग फंड नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची मुलाखत घ्यायला नियमाने बंदी आहे. व्हिसावर आलेल्या कुटुंबाच्या मुलालाही शाळेत जागा मिळते. मग लागते काय? एक अर्ज आणि एक पत्ता.

अर्ज शाळेकडे नव्हे, आपण राहतो तिथल्या कौन्सिलकडे करायचा. कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका समजा. रिसेप्शनच्या अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिल. सातवीसाठी शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर, निकाल १ मार्च. वर्षाच्या मध्येच तिथे पोहोचलात तर त्यासाठी निराळा अर्ज असतो आणि त्याचे उत्तर शाळेच्या कामाच्या १५ दिवसांत मिळायला हवे.

अर्जात किमान तीन शाळा पसंतीने लिहिता येतात, लंडनमध्ये सहा. येथे पुष्कळ पालक फसतात. “एकच शाळा लिहिली तर तीच द्यावी लागेल,” असे त्यांना वाटते. तसे मुळीच नाही. आपण ती शाळा पहिली लिहिली की चौथी, हे शाळेला कळत नाही. ती आपल्या नियमाने मुलांची यादी लावते आणि ज्या ज्या शाळेत मुलाचा नंबर लागतो, त्यांतली आपल्या पसंतीत सर्वांत वरची शाळा कौन्सिल देते. त्यामुळे खालच्या जागा भरल्याने वरची शाळा हातची जात नाही. मात्र त्या रिकाम्या ठेवल्या आणि एकमेव शाळा हुकली, तर कुठेतरी उरलेली जागा मुलाच्या वाट्याला येते. शाळा दूर असली की रोजचा बसप्रवास पोराच्या नशिबी.

शाळेत जागा कमी आणि अर्ज जास्त झाले, की नियम लागतो. सरकारी देखरेखीखालच्या निराधार मुलांना पहिला मान. त्यानंतर बहुतेक ठिकाणी भाऊ-बहीण त्या शाळेत असेल तर ते मूल, आणि मग घरापासूनचे अंतर. येथेच खरी मेख आहे. चांगल्या शाळेच्या जवळ घर हवे म्हणून पैसेवाले तिकडे धावतात, घरांच्या किमती व भाडी चढतात आणि कमी पगाराचा माणूस मैलभर मागे ढकलला जातो. शाळेच्या दारात फी नाही हे खरे, पण ती घरभाड्यात भरावी लागते. काही जण खोटा पत्ता देतात, पण कौन्सिल तपासणी करते आणि दिलेली जागासुद्धा काढून घेऊ शकते. यावर उपाय म्हणून ब्रायटन शहराने २००८ च्या प्रवेशापासून माध्यमिक शाळांसाठी चिठ्ठ्या टाकायची पद्धत आणली. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. ज्यांनी शाळेजवळ महाग घर घेतले होते, त्यांना ती चिठ्ठी कशी आवडणार?

जागा नाकारली तर गप्प बसू नये. नाव प्रतीक्षा यादीत ठेवावे आणि अपील करावे. अपील शाळेबाहेरच्या स्वतंत्र मंडळापुढे चालते व त्यासाठी किमान २० शालेय दिवसांची मुदत मिळते. मात्र रिसेप्शन, पहिली व दुसरीच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा असल्याने तिथले अपील कठीण जाते.

आता गरीब घरातल्या मुलांविषयी. रिसेप्शन, पहिली व दुसरीतील सर्व मुलांना २०१४ पासून दुपारचे जेवण मोफत आहे. लंडनमध्ये २०२३ पासून महापौरांच्या निधीतून सरकारी प्राथमिक शाळांतील सर्वच मुलांना ते मिळू लागले. इतर ठिकाणी तिसरीपासून कमी उत्पन्नाची अट आहे. सरकारी मदत घेण्यास व्हिसाने मनाई असलेल्या गरीब कुटुंबांनाही ठराविक उत्पन्नाच्या आत हे जेवण मिळू शकते. युनिव्हर्सल क्रेडिट नावाची सरकारी मदत घेणाऱ्या सर्व कुटुंबांना सप्टेंबर २०२६ पासून हा हक्क द्यायचा, असे सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केले.

पण त्यात एक बारीक कलम आहे. कमी उत्पन्नाच्या नियमाने ज्या मुलाचे नाव जेवणासाठी नोंदवले जाते, त्याच्यासाठी शाळेला जादा रक्कम मिळते. २०११ पासूनच्या या योजनेला ‘प्युपिल प्रीमियम’ म्हणतात. “लहानग्याला जेवण तसेही फुकटच आहे, अर्ज कशाला?” असे म्हणून पुष्कळ आया नाव नोंदवीत नाहीत. कोणाला अर्ज करायची लाज वाटते. नुकसान मात्र पोराच्या शाळेचे होते. मूल रडल्याशिवाय आईही दूध पाजीत नाही, मग सरकार कुठून पाजणार?

आपल्या लोकांना आणखी एक इशारा द्यायला हवा, तो हजेरीचा. भावाचे लग्न आहे म्हणून शाळा चालू असताना मुलांना पंधरा दिवस गावी आणायचे, हे तिथे चालत नाही. परवानगीवाचून पाच दिवस गैरहजेरी झाली की ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमाने दर मुलामागे आईला ८० पौंड व बापाला ८० पौंड दंड होऊ शकतो. २१ दिवसांत भरला नाही तर तो १६० होतो. तीन वर्षांत पुन्हा तसेच घडले तर थेट १६०, आणि तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टात जाऊ शकते. तेव्हा लग्नाची तारीख काढणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तिकडच्या सुट्ट्याही विचाराव्यात.

शाळेतील प्रार्थनेविषयीही विचारणा होते. कायद्याप्रमाणे तिथल्या सरकारी शाळांतील सामुदायिक उपासना मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असते, आणि सरकारी शाळांपैकी सुमारे एक तृतीयांश शाळा धर्मसंस्थांशी जोडलेल्या आहेत. परंतु त्या उपासनेतून व धर्मशिक्षणाच्या तासातून आपल्या मुलाला वगळा, असे सांगण्याचा हक्क पालकांना आहे. अनेक शाळांत त्या तासाला इतर धर्मांबरोबर बुद्धाची शिकवणही असते. तेव्हा आधी पुस्तक पाहावे, शिक्षकांशी बोलावे आणि मगच ठरवावे.

आयुष्य कारकुनीत गेल्याने मला एवढे ठाऊक आहे की हक्क कायद्यात असतो, पण मिळतो तो मुदतीत आलेल्या कागदावर. शाळेजवळचे घर पैशाने मिळते, ते आपल्या हाती नाही. तारीख मात्र आपल्या हाती आहे. ज्यांचा मुलगा, सून, भाची किंवा शेजारीण तिकडे आहे, त्यांनी हे कात्रण जपून ठेवावे आणि पुढच्या फोनवर ख्यालीखुशालीनंतर एवढेच विचारावे, “पोराचा अर्ज भरलास का? शाळा किती लिहिल्यास?”