किल्ली कोणाकडे?

गेल्या वर्षी एका सांस्कृतिक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. सिद्दी पथकाचं डमाम नृत्य होणार होतं. मी मोठ्या झोकात म्हणाले, "आणि आता येत आहेत, थेट आफ्रिकेतून!" टाळ्या पडल्या. पथक सकाळच्या बसनं हल्याळ तालुक्यातून आलं होतं. आयोजकांच्या आग्रहाखातर सगळ्यांनी कमरेला पानं गुंडाळली होती आणि तोंडं रंगवली होती.

नंतर पडद्यामागे त्यांतलीच एक मुलगी सलवार-कमीज घालून घरी जायच्या तयारीत बसली होती. वय माझ्याएवढंच. माझ्याशी कोकणीत बोलू लागली. मी आडनाव विचारलं, तर फर्नांडिस. माझंही तेच. ती हसत म्हणाली, "आफ्रिका मी अजून पाहिली नाही, तू पाहिलीस तर सांग." मीही हसले, पण घरी जाईपर्यंत मान वर झाली नाही.

आमच्या घरी आडनावाचा थोडा तोराच आहे. पूर्वज गोव्याचे, बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज नाव मिळालं, असं आजी सांगते. पण त्याच गोव्यात माणसंही विकली जात होती. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसानं तिथल्या भर रस्त्यातल्या लिलावात इतर मालाबरोबर गुलामही विकले जात, हे लिहून ठेवलंय. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेल्या माणसांना बाप्तिस्मा दिला जाई, नवं नाव दिलं जाई; गुलामी मात्र सुटत नसे. पुष्कळ जण पळाले आणि घाट चढून यल्लापूर, हल्याळ, अंकोला, खानापूरकडच्या रानांत वसले. उत्तर कन्नडातल्या आजच्या सिद्दींमध्ये त्यांचे वंशज आहेत. म्हणजे आम्हा दोघींचं आडनाव एकाच गावाहून आलं, पण एकाच वाटेनं नाही. कॅथलिक म्हणून हे मला कबूल केलंच पाहिजे.

म्हणूनच या समाजासाठी सांस्कृतिक केंद्र व्हावं, असं मला वाटतं. पण कसलं, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याला केंद्र म्हटलं की रंगमंच आणि काचेची कपाटं दिसतात. पाहुणे येणार, डमाम वाजणार, फोटो निघणार. असं केंद्र पणजीत किंवा बेळगावात बांधणं सोपं आहे, आणि तेच मला नको आहे. पानांचा घागरा घालायला लावणाऱ्यांच्या हाती आणखी एक मंच देऊन काय मिळणार?

केंद्र त्यांच्या गावाजवळ हवं आणि किल्ली त्यांच्याकडे हवी. सिद्दींमध्ये हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. देऊळ, मशीद, चर्च आपापल्या जागी आहेच. पण तिघांनी मिळून बसायची जागा हवी. तिथं म्हाताऱ्या बायकांची गाणी आणि गोष्टी त्यांच्याच नातवंडांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. तिथं कवंदी शिवली जावी. आपण जिला वाकळ म्हणतो तशीच ती, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची. कडेपासून शिवायला घेतात आणि मध्यापर्यंत येतात; चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुलं' लावतात. या कवंद्या आता परदेशातल्या प्रदर्शनांत जातात. शिवणाऱ्या बाईला तिच्या कामाचा भाव काय आहे, हे त्या खोलीत बसून कळायला हवं.

"आधी जमीन आणि नोकरी द्या, संस्कृतीचं नंतर बघू," असं काही जण म्हणतील. मुद्दा खोटा नाही. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला 2003 उजाडलं. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी 2020 पर्यंत थांबावं लागलं. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. वनहक्काचे दावे, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सगळं आहेच. पण ते अर्ज भरायलाही चार जणांनी एकत्र बसावंच लागतं ना? तीच खोली त्याही कामाला येईल. मात्र इमारत बांधली म्हणून जमिनीचा प्रश्न सुटला, असं कोणी समजू नये. कुलूप लावलेली समाजमंदिरं आपण गावोगावी बघतोच.

दुसरा आक्षेप असा, की "ते भारतीयच आहेत, आफ्रिकन म्हणून वेगळं का काढायचं?" वेगळं तर आपण आधीच काढलंय. रेल्वेत त्यांना "कुठल्या देशाचे?" असं विचारणारे आपणच. पाठ्यपुस्तकात सिद्दी भेटतो तो जंजिऱ्याचा, महाराजांचा शत्रू म्हणून. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून आला होता, हे किती जणांच्या लक्षात राहतं? मूळ सांगितल्यानं कोणी परका होत नाही. माझं आडनाव पोर्तुगीज आहे, म्हणून मला कोणी लिस्बनला परत जा म्हणत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी 2015 ते 2024 हे दशक पाळलं. 2025 पासून दुसरं सुरू झालंय. दशकं येतील आणि जातील. आपल्या मंडळाला जमेल असं एकच काम मी सुचवते. जुन्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत सिद्दींची नावं असतील, तर रीतसर परवानगी घेऊन त्यांच्या प्रती काढाव्यात आणि सिद्दींच्याच हाती द्याव्यात. त्यांची मुलं कन्नड शाळेत शिकतात, तेव्हा गोष्टी कन्नड लिपीत लिहिल्या गेल्या तरी आपण नाक मुरडू नये. देवनागरीचा आग्रह धरायची ही जागा नव्हे.

आणि त्याआधी हल्याळला जाऊन विचारावं, की तुम्हाला हे हवंय का? नको म्हणाले, तर हा लेख मी मागे घेईन. मला तसंही तिकडे जायचंच आहे. एका मुलीची माफी मागायची राहिली आहे.