व्हर्सायमध्ये बसायचे कोणी?

१/६ फ्रेंच राजवाड्यांतील दालने पाहून 'काय ती अभिरुची!' असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती मुळातच फसवी आहे. त्या दालनांतील वस्तूंचे पहिले काम माणसाचा दर्जा सांगणे हे होते. सौंदर्य त्या कामाला जुंपलेले होते.

२/६ आसनांचेच पाहा. हातांची खुर्ची, नुसत्या पाठीची खुर्ची आणि सर्वांत खाली बिनपाठीचे स्टूल, म्हणजे 'ताबुरे', अशी दरबारी उतरंड होती. राणीसमोर या स्टुलावर बसण्याचा मानही राजघराण्यातील स्त्रिया आणि डचेस यांचा. इतरांनी उभे राहायचे. १६४९ मध्ये, चौदावा लुई अल्पवयीन असताना, डचेस नसलेल्या दोन स्त्रियांना तो मान मिळाला. सरदारांनी पॅरिसमध्ये सभा भरवून निषेध केला आणि राजमाता अ‍ॅन हिला माघार घ्यावी लागली. देश 'फ्राँद'च्या बंडाळीत होरपळत होता आणि सरदार भांडत होते ते स्टुलासाठी! त्या स्टुलाच्या नक्षीबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

३/६ आरशांची मिरास व्हेनिसकडे होती. ती मोडण्यासाठी मंत्री कोल्बेर याने १६६५ मध्ये राजाश्रयाखाली कारखाना काढला आणि मुरानोचे कारागीर फोडून आणले. १६८४ मध्ये पूर्ण झालेल्या व्हर्सायच्या आरसेमहालात ३५७ आरसे आहेत. १६८६ मध्ये सयामच्या वकिलांचे स्वागत तेथेच झाले; फ्रान्सची श्रीमंती त्यांना निराळी सांगावी लागली नाही. आरशामागचा पारा कारागिरांच्या अंगात भिनत असे, हे मात्र सजावटीच्या पुस्तकांत क्वचितच येते.

४/६ हीच सौंदर्योपासना असेल, तर लुईने आपले चांदीचे अप्रतिम सामान १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी वितळवले कसे?

५/६ 'पण कारागिरी तर अस्सल होती ना?' निःसंशय होती. म्हणूनच ज्याँ-आंरी रिझनेर याची कथा वाचावी. जर्मनीत जन्मलेला हा सुतार १७७४ मध्ये राजाचा अधिकृत फर्निचरकार झाला; मारी आंत्वानेतचा तो विशेष आवडता.

६/६ क्रांतीनंतर, १७९३-९४ मध्ये, व्हर्सायच्या सामानाचा लिलाव झाला. १७ हजारांहून अधिक लॉट विक्रीला निघाले. रिझनेरने स्वतःच घडवलेल्या काही वस्तू तेथे परत विकत घेतल्या. लाकूड तेच, जडावकाम तेच, हातही तेच. पण ज्यांचा दर्जा त्या वस्तू मिरवत होत्या, ते दरबारी आता उरले नव्हते. रिझनेरला त्या वस्तूंसाठी गिऱ्हाईक मिळेना.