अंथरलेला पेपर निघाला पाहिजे

ठिबकच्या पाठोपाठ मल्चिंग पेपर भाजीपाल्याच्या शेतीत रुजला, आणि आता त्याच्याविना बेड अपुरा वाटतो. नारायणगावचा टोमॅटो असो की महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, खुरपणीची मजुरी वाचते, पाणी कमी लागते, फळ मातीला टेकत नाही. हे फायदे खरे आहेत, पेपर सोडा असे आम्ही म्हणणार नाही. मात्र पीक संपल्यावर त्या पेपरचे काय होते, यावर सल्लागार, विक्रेते आणि बागायतदार या तिघांनीही आता मोकळेपणाने बोलले पाहिजे.

साधा हिशेब करू. बेड ५ फुटांवर असले तर एकरी सुमारे २,६५० मीटर पेपर लागतो. ४ फूट रुंदीच्या, २५ मायक्रॉनच्या पेपरचे एवढ्या लांबीचे वजन ७५ किलोच्या आसपास भरते. त्यातला दहावा हिस्सा जरी मातीत राहिला, तरी दर लागवडीमागे साडेसात किलो प्लास्टिक त्या एकरात जमा होते. आणि पॉलिथिन मातीत कुजत नाही. तुकड्यांचे तुकडे होत जातात, एवढेच.

याचा शेवट कुठे होतो ते चीनने पाहिले आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे हे तंत्र जपानमधून आले आणि कोरडवाहू भागांत उत्पादन वाढले. पण पेपर अवघ्या ८ मायक्रॉनचा, कधी त्याहूनही पातळ. तो अखंड निघायचाच नाही. शिनजियांगच्या कापसाच्या रानांत वर्षानुवर्षांचे तुकडे साचले, पाणी मुरण्यात आणि मुळे पसरण्यात अडथळा येऊ लागला. अखेर २०१७मध्ये किमान जाडी १० मायक्रॉन करावी लागली. तोवर जे मातीत गेले, ते मातीतच राहिले.

आपल्याकडचा पेपर त्या मानाने जाड असतो, ही जमेची बाजू. पण ती आपण दोन ठिकाणी घालवतो. पहिले म्हणजे भावासाठी पातळ रोल उचलणे. रोल मीटरवर विकला जातो, त्यामुळे मायक्रॉन कमी झाला की किंमत लगेच उतरते आणि गिऱ्हाईक खूश होते. दुसरे, आणि आमच्या मते जास्त नुकसानीचे, म्हणजे त्याच पेपरवर दुसरे पीक. टोमॅटो निघाला की त्याच बेडवर काकडी किंवा दोडका लावतात. खर्च वाचतो, हे मान्य. पण तोवर उन्हाने पेपर ठिसूळ झालेला असतो. ओढायला गेले की तो मातीच्या रेषेवर फाटतो, उघडा भाग हाती येतो आणि गाडलेल्या कडा आतच राहतात. मग वरून रोटाव्हेटर फिरला की विषय संपला. त्या चिंध्या वेचायला कोणी मजूर मिळत नाही. दुसरे पीक घ्यायचेच असेल तर पहिल्या दिवसापासून ३० मायक्रॉनचा पेपर घालावा आणि तसे स्पष्ट सांगूनच विकावा. काढताना झाडे बुडाशी कापून, रानात हलका ओलावा असताना, आधी कडा मोकळ्या करून पेपर उचलावा.

उचललेला पेपर बांधावर पेटवला जातो, कारण भंगारवाला तो घेत नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या तो आनंदाने नेतो. पेपरच्या वजनात मात्र निम्म्याहून अधिक माती असू शकते, आणि ती धुण्याचा खर्च त्याला परवडत नाही. कायदाही इथे मदतीला येत नाही. महाराष्ट्राच्या २०१८च्या प्लास्टिकबंदीत शेती आणि रोपवाटिकेच्या वापराला सूट दिली गेली. केंद्राने २०२२मध्ये उत्पादकांवर टाकलेली परत घेण्याची जबाबदारी पॅकेजिंगपुरती आहे. म्हणजे खताच्या गोणीला वाली आहे, मल्चिंगला नाही. याउलट मल्चिंगला सरकारी अनुदान मात्र मिळते. त्यातला एक हिस्सा वापरलेला पेपर जमा केल्यावरच द्यावा, अशी आमची मागणी आहे. फ्रान्समध्ये उत्पादक, विक्रेते आणि शेतकरी मिळून चालवत असलेली ‘अदिवालोर’ ही यंत्रणा शेतातले टाकाऊ प्लास्टिक गोळा करते. तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात असे संकलन का होऊ नये?

‘विघटनशील’ असा शिक्का असलेल्या रोलबद्दल सावध राहा. ऑक्सो-विघटनशील प्लास्टिकचे फक्त बारीक तुकडे होतात. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशाने त्यावर बंदी आणली. खरा जैवविघटनशील पेपर वेगळा. युरोपच्या ईएन १७०३३ मानकानुसार तो मातीत २४ महिन्यांत ९० टक्के विघटित व्हावा लागतो. पण ती चाचणी प्रयोगशाळेतल्या ओलसर, ठरावीक तापमानाच्या मातीत होते. आपल्या कोरड्या उन्हाळी रानात जिवाणू तेवढे काम करतीलच असे नाही. विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागा आणि आधी चार-दोन बेडवर पाहा.

या हंगामात वाचकांनी एक नोंद ठेवावी. पेपर किती मायक्रॉनचा, किती किलो अंथरला, त्यावर किती पिके घेतली आणि काढल्यावर माती झटकून किती किलो भरला. भंगारवाल्याने भाव दिला असेल तर तोही लिहा. या नोंदी आमच्याकडे पाठवा. पीक आणि जाडीनुसार त्या अंकात छापू आणि अनुदानाच्या मागणीसोबत कृषी आयुक्तालयाकडे देऊ.