उसण, पायाळू आणि नोंदणी क्रमांक



कमरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घ्यायचा, हा आपल्याकडचा जुना उपाय. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर आजही विचारलंत तर 'अमक्याची सून पायाळू आहे, तिच्याकडे जा' असं कोणीतरी सांगेलच. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्या पायात गुण असतो, अशी समजूत. तिने दोन-तीन सकाळी कमरेला पाय लावला की माणूस बरा होतो, आणि तो खरोखरच बरा होतो! कारण साधी उसण कोणी पाय लावो न लावो, बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप कमी होते. पायाळू बाई पैसे घेत नाही, पाटी लावत नाही आणि पाय हळूच लावते. त्यामुळे आजवर मी तिच्याविरुद्ध काही लिहिलेलं नाही.

आजचा विषय मात्र तिच्या नव्या अवताराचा आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर तळीयेच्या बाजूचा एक तरुण माझ्या ओपीडीत आला. आजारी नव्हता, सल्ला हवा होता. २२ जुलै २०२१ ला तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली, ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत चिखल उपसायला जी आसपासची पोरं वर चढली त्यांत हा होता. नंतरच्या मदत शिबिरांत त्याने पाहिलं की माणसांना औषधांच्या गोळ्या मिळतात, पण ठणकणाऱ्या कमरेला, आखडलेल्या मानेला हात लावणारं कोणी नाही. तेव्हापासून हे काम शिकायचं त्याच्या मनात होतं. मोबाइलवर काडकन आवाज काढून मान मोकळी करणारे व्हिडिओ पाहिले, एका शहरात दहा दिवसांचा वर्ग केला, पंचेचाळीस हजार रुपये भरले. हातात चकचकीत प्रमाणपत्र आलं, 'कायरोप्रॅक्टिक थेरपिस्ट'.

त्याचा प्रश्न सरळ होता. "सर, आता रजिस्ट्रेशनचा अर्ज कुठल्या ऑफिसात करायचा?"

मी त्याला खरं उत्तर दिलं. असं ऑफिस नाही. ज्यांनी पैसे घेतले त्यांनी ते सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय?

१८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थाने ही पद्धत सुरू केली. मणके जागचे हलल्यामुळे बहुतेक आजार होतात आणि ते हाताने जागेवर बसवले की आजार जातात, असं त्याचं म्हणणं. हे म्हणणं विज्ञानाच्या कसोटीवर टिकलं नाही. दमा, मधुमेह, बाळाचं पोटशूळ असल्या कशावरही मणका दाबण्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

पण पाठदुखीचं थोडं वेगळं आहे. प्रशिक्षित हातांनी केलेल्या मणक्याच्या उपचाराने साध्या कंबरदुखीत काहींना थोडा आराम पडतो, साधारण व्यायामाने किंवा वेदनाशामक गोळीने पडतो तेवढाच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधांखेरीजच्या पर्यायांत त्याला जागा दिली आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये 'व्यायामाच्या जोडीनेच' अशी अट घातली. म्हणजे हे सगळंच थोतांड नाही आणि चमत्कार तर मुळीच नाही.

आणि तो 'काड्' आवाज? सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होताना येतो. बोटं मोडल्यावर येतो तोच. मणका 'जागेवर बसल्याचा' तो आवाज नव्हे, कारण चालत-बोलत दवाखान्यात आलेल्या माणसाचा मणका जागचा निघालेला नसतो.

बाहेरदेशी अर्ज कसा होतो?

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडचे वर्गवाले 'विदेशात मान्यता असलेली पद्धत' एवढंच सांगतात. मान्यतेची किंमत सांगत नाहीत.

ब्रिटनमध्ये १९९४ चा कायदा आहे. जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलच्या यादीत नाव नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं तिथे गुन्हा आहे. यादीत यायचं तर मान्यताप्राप्त पदवी लागते. चारित्र्याचा दाखला, प्रकृतीबद्दलचं निवेदन आणि रुग्णाला इजा झाल्यास भरपाई देणारा विमाही लागतो. पदवी परदेशातली असेल तर वेगळी परीक्षा. नाव एकदा लागलं म्हणून संपलं असंही नाही, दरवर्षी शुल्क आणि तीस तासांचं शिक्षण चालूच. अमेरिकेत कॅन्ससने १९१३ मध्ये परवाना सुरू केला, लुइझियानाने सगळ्यात शेवटी १९७४ मध्ये. साठ वर्षं भांडण चाललं! जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये किमान प्रशिक्षणाची मोजमापं दिली. पूर्ण शिक्षणासाठी ४,२०० तास, त्यातले निदान हजार तास देखरेखीखाली रुग्णांवर.

आता आपल्या तरुणाचे दहा दिवस मोजा. रोज आठ तास धरले तरी ऐंशी.

आपल्याकडे काय आहे?

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी कायदा नाही, परिषद नाही, नोंदवही नाही. मार्च २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात पन्नासहून अधिक व्यवसाय आहेत. फिजिओथेरपी आहे, ऑक्युपेशनल थेरपी आहे, पायांचे विकार पाहणारा पोडियाट्रिस्टसुद्धा आहे. कायरोप्रॅक्टर नाही.

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. एमबीबीएस आणि त्यापुढचे डॉक्टर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या आपापल्या परिषदा आहेत. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि तो विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

ज्या पॅथीचं शिक्षण नाही तिचा उपचार केला तर काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच दिलं आहे. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हा खटला. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. एका पद्धतीचं ज्ञान नसताना त्या पद्धतीने उपचार करणं हा निष्काळजीपणाच, असं न्यायालयाने ठरवलं आणि पत्नीला भरपाई द्यायला लावली. लक्षात घ्या, त्या डॉक्टरकडे निदान एक नोंदणी तरी होती.

'पण सर, नुसता हातच तर लावायचाय!'

तरुणाचं पुढचं म्हणणं हे होतं. औषध नाही, सुई नाही, मग नोंदणी कशाला?

मी त्याला एका आजींची गोष्ट सांगितली. साठीच्या आसपासच्या, डोंगरातल्या एका वाडीवरच्या. तीन महिने पाठ दुखत होती. संध्याकाळी कणकण येई, वजन उतरलं होतं, पण पाठीबद्दल बोलताना ताप आणि वजन कोण सांगतं? गावात कोणाचं तरी मोफत शिबिर आलं. पांढरा कोट घातलेल्या माणसाने 'मणक्यात गॅप आहे' म्हणत पाठ दाबली, कडकडवली. पुढच्या शिबिरातही तेच. दीड-दोन महिन्यांनी पाय लुळे पडू लागले तेव्हा मुलाने त्यांना माझ्याकडे आणलं. तपासात निघाला मणक्याचा क्षयरोग. उपचार मिळाले, आजी वाचल्या, पण आता काठीशिवाय चालत नाहीत.

दाबल्यामुळेच पाय गेले असं मी म्हणणार नाही. क्षयरोगाने कीड लागलेला मणका तसाही ढासळला असता. पण ते दोन महिने हातचे गेले, हे नक्की. आजींच्या मुलाने मला विचारलं, "तक्रार कुठे करू?" कोटावर नाव नव्हतं, कागदावर क्रमांक नव्हता, दिलेला मोबाइल बंद. मी नोंदणी असलेला डॉक्टर आहे. मी चुकलो तर माझं नाव, पत्ता, क्रमांक घेऊन तुम्ही परिषदेकडे जाऊ शकता, माझा परवाना काढून घेतला जाऊ शकतो. त्या माणसाचं काय काढून घेणार?

नोंदणीचा अर्थ मला तरी हाच कळतो. भिंतीवरची फ्रेम डॉक्टरच्या मोठेपणासाठी नसते. ती तुमच्या तक्रारीचा पत्ता असते.

हात कुठे लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही, हे शिकायला वर्षं लागतात. पुढीलपैकी एक जरी लक्षण असेल तर पाठ-मान कोणालाही दाबू देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा:

- पाठदुखीसोबत ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना
- पायात वाढत जाणारी कमजोरी किंवा बधिरपणा
- लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याच्या जागी मुंग्या (हे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा)
- पडल्यानंतर, मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उद्भवलेली तीव्र पाठदुखी, ठिसूळ हाडं, बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या
- पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग

मानेबद्दल विशेष सांगतो. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. प्रमाण फार कमी, पण झाला तर जन्माचं नुकसान. केस कापून झाल्यावर मान मोडून देणाऱ्या सलूनवाल्यालाही 'नको' म्हणायला शिका.

दोष एकट्या त्याचा नाही

आता थोडं आम्हा डॉक्टरांकडे. पाठ दुखते म्हणून आलेल्या भातशेतीतल्या बाईला आम्ही काय देतो? दोन मिनिटं, एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या, 'वजन उचलू नका'. वजन उचलू नका! डोंगर उतारावर राहणाऱ्या, लावणीत दिवसभर वाकणाऱ्या, हंडा डोक्यावर घेणाऱ्या बाईला हे सांगून आम्ही मोकळे होतो. तिच्या पाठीला हात लावून तपासत नाही, व्यायाम करून दाखवत नाही. फिजिओथेरपी लिहून दिली तर त्यासाठी वाडीवरून रोज एसटीने तालुक्याला कोण येणार? ही पोकळी आम्ही ठेवली, म्हणून दहा दिवसांचे वर्ग चालतात.

याच महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये आले तेव्हा विंचूदंशाचे रुग्ण आधी मांत्रिकाकडे जात. मांत्रिकांना शिव्या देऊन ते थांबले नाहीत. एकेका रुग्णाशेजारी बसले, नाडी, रक्तदाब, घाम, सगळं लिहून ठेवलं. प्राझोसिनचा उपयोग मोजला आणि १९८६ मध्ये लॅन्सेटमधून जगापुढे तपासायला ठेवला. लोक मांत्रिकाकडून दवाखान्याकडे वळले ते पटण्याजोगा गुण दिसला म्हणून. पाठदुखीच्या बाबतीत हेच आपण करायला हवं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. सरकारने कायरोप्रॅक्टिकबद्दल एकदाचं ठरवावं. द्यायची असेल तर किमान शिक्षण ठरवून, परीक्षा घेऊन, नोंदवहीत मान्यता द्यावी. द्यायची नसेल तर हे नाव वापरून पाटी लावायला आणि वर्ग विकायला मनाई करावी. 'बंदी नाही, मान्यताही नाही' ही अवस्था फक्त वर्ग विकणाऱ्यांच्या सोयीची आहे, रुग्णाच्याही नाही आणि शिकणाऱ्या पोराच्याही नाही. आणि त्याच वेळी ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट नेमावा, त्याचा आठवड्यातून एक दिवस वरच्या वाड्यांसाठी ठेवावा. नुसती बंदी घातली तर लोक पुन्हा पांढऱ्या कोटाच्या शिबिरातच जातील.

तुम्ही काय कराल?

उपचाराआधी तीन प्रश्न विचारा. तुमची पदवी कोणती? नोंदणी कोणत्या परिषदेची? क्रमांक काय? खरा माणूस रागावत नाही, भिंतीकडे बोट दाखवतो. उत्तर टाळलं तर उठा. इजा झाली असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. साध्या उसणीत दोन दिवसांहून जास्त अंथरुणावर पडून राहू नका, हळूहळू चालत राहा, शेक घ्या.

आणि मुलांच्या आईवडिलांनो, कुठल्याही आरोग्य अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा. हा पूर्ण केल्यावर कोणत्या कायद्याखाली नोंदणी होते? उत्तरात कायद्याचं आणि परिषदेचं नाव आलं नाही तर पैसे खिशात ठेवा.

त्या तरुणाचं काय झालं? बराच वेळ तो प्रमाणपत्राकडे बघत बसला. बारावी विज्ञान झालेला आहे. फिजिओथेरपीच्या पदवीला साडेचार-पाच वर्षं लागतील आणि नीट द्यावी लागेल, हे मी सांगितलं. "एवढी वर्षं घरचं कोण बघेल?" हा त्याचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. सध्या तो आठवड्यातून दोनदा माझ्या ओपीडीत येऊन बसतो. रुग्णांना मी सांगितलेले व्यायाम नीट करून दाखवतो, वाडीवर गेल्यावर ते करतात की नाही हे पाहतो आणि वरची यादी त्याला पाठ आहे. मागच्या महिन्यात एका काकांना तो स्वतः घेऊन आला. म्हणाला, "सर, यांना रात्री दुखतं आणि ताप येतो. मी हात लावला नाही."

दहा दिवसांच्या वर्गाने त्याला हे शिकवलं नव्हतं. नीटचा फॉर्म या वर्षी तो भरतो आहे.