विश्लेषण : जिल्हा परिषदेत अमडापूरचा आवाज कधी?

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी बजावले. बुलडाणा जिल्हा परिषदेसाठी शेवटचे मतदान झाले १६ फेब्रुवारी २०१७ रोजी. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणूक अडकली. तेव्हापासून प्रशासकराज. चिखली तालुक्यातील अमडापूरला ग्रामपंचायत आहे. पण शाळाखोली, रस्ता, दवाखान्यासाठी जिल्ह्याच्या सभागृहात भांडणारा सदस्य नाही. अंदाजपत्रक मांडणारा अधिकारी आणि मंजूर करणाराही तोच! राज्यघटनेतील पाच वर्षांची मुदत कागदावरच राहिली. आता बांठिया आयोगापूर्वीचे आरक्षण लागू होईल. मतदाराला दोन मते असतील : एक गटासाठी, दुसरे गणासाठी. निकाल मात्र प्रलंबित याचिकांवरील निर्णयाच्या अधीन असतील.