विश्लेषण : पाडायला काढलेली तटबंदी यॉर्कची ओळख कशी बनली?

उत्तर इंग्लंडमधील यॉर्क शहराला सुमारे ३.४ किलोमीटरची मध्ययुगीन तटबंदी आहे. दोनेक तासांत तिच्यावरून चालता येते, तिकीट लागत नाही. पर्यटकांच्या यादीत ती वरच्या क्रमांकावर असते. पण १८०० साली हीच तटबंदी पाडण्याचा घाट खुद्द तिथल्या नगरप्रशासनाने घातला होता.

शहर किती जुने?

इसवी सन ७१ मध्ये रोमनांनी येथे ‘एबोराकम’ ही लष्करी छावणी वसवली. कॉन्स्टन्टाइनला सम्राट म्हणून पहिल्यांदा घोषित केले गेले ते येथेच, ३०६ मध्ये. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी शहर जिंकले आणि त्याचे ‘योर्विक’ झाले. आज दिसणारे यॉर्क मिन्स्टर हे भव्य कॅथेड्रल उभारायला सुमारे अडीचशे वर्षे लागली.

तटबंदी का नकोशी झाली?

अरुंद वेशींतून वाहतूक अडत होती आणि डागडुजीचा खर्च परवडत नव्हता. कारणे ओळखीची वाटतात ना? विरोध झाल्याने सगळा तट पडला नाही; पण वेशींपुढची संरक्षक बांधकामे पाडली गेली. त्यातले एकच, वॉल्मगेट वेशीपुढचे, आज उरले आहे. विल्यम एटी या यॉर्कमध्येच जन्मलेल्या चित्रकारानेही तट वाचवण्यासाठी आवाज उठवला. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी मात्र १८६० च्या दशकात पाडली गेली. एखादा तुकडा सोडला, तर आज ‘फोर्ट’ हे नावच तेवढे उरले आहे.

मग विकासाचे काय?

यॉर्कने विकास थांबवला नाही. रेल्वे आली तेव्हा गाडी आत नेण्यासाठी तटात कमानी काढल्या, पण तट राखला. कॉपरगेट भागात बाजारसंकुल उभारण्याआधी १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन झाले. ओलसर मातीत व्हायकिंगांची लाकडी घरे आणि चामड्याच्या वस्तू टिकून होत्या. संकुल झालेच, त्याच जागी १९८४ मध्ये ‘योर्विक’ संग्रहालयही उघडले.

वारसा म्हणजे फक्त अभिमान?

नाही. क्लिफर्ड्स टॉवर हा बुरूज छायाचित्रांत देखणा दिसतो. मार्च ११९० मध्ये याच टेकडीवरच्या लाकडी बुरुजात शहरातील ज्यूंनी जमावाच्या भीतीने आसरा घेतला होता. सुमारे दीडशे जणांचा अंत झाला. अनेकांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःच मरण पत्करले. तेथे स्मृतिफलक लागला तो १९७८ मध्ये, म्हणजे जवळपास आठशे वर्षांनी. दगड जपायला यॉर्क लवकर शिकले, लाज कबूल करायला फार उशिरा.

धडा कोणता?

जुने शहर आपोआप टिकत नाही. प्रत्येक पिढीत कुणीतरी ‘रस्ता अडतो, पाडा’ म्हणतो आणि कुणीतरी ‘थांबा’ म्हणावे लागते. अडचण दोघांनाही दिसत असते. फरक एवढाच की पाडलेली भिंत पुन्हा उभी केली तरी ती नवीच असते. आपल्या गावातली वेस किंवा वाडा ‘धोकादायक’ ठरवून पाडण्याआधी दुरुस्तीचा हिशेब मांडला का, हे विचारणे हा नागरिकांचा हक्क आहे. आणि ते विचारायचे ते पाडकाम सुरू होण्यापूर्वी.